बोटीचा डायनामो चार्जिंगवेळी तापतो : नवा आणण्याआधी काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

मासेमारीच्या बोटीवरचा डायनामो, म्हणजे अल्टरनेटर, जळाला की बहुतेक जण एकच क्रम धरतात. आधी त्याचंच वाइंडिंग भरून घ्यायचं, पुन्हा जळाला की नवा, तोही गेला की मोठा. तिसरा जळतो तेव्हाही पहिला का जळला हे कुणी मोजलेलं नसतं. शिशाच्या बॅटऱ्या काढून लिथियम बसवलेल्या बोटींवर हे जास्त होतं. वर्षानुवर्षं तक्रार न करता चाललेला डायनामो अचानक तापू लागतो आणि दोष त्याच्या माथी येतो.

खर्चाइतकीच मला काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. मध्यरात्री किनाऱ्यापासून लांब असताना चार्जिंग गेलं की काही तासांत दिवे, वायरलेस आणि जीपीएस बंद पडतात. दिवे नसलेली बोट मोठ्या जहाजाला वेळेत दिसत नाही. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. क्रम मोडला की एक दोष दुसऱ्याला झाकतो.

सगळे आकडे १२ व्होल्टच्या बोटीचे आहेत. तुमची बोट २४ व्होल्टची असेल तर व्होल्टचे आकडे दुप्पट धरा. तापमानाचे तेच राहतील.

## आधी एवढं समजून घ्या

डायनामो ७० अँपिअर देतो तेव्हा १४ व्होल्टला सुमारे एक किलोवॅट वीज बाहेर पडते. त्याची कार्यक्षमता साधारण ५५ टक्के असते. म्हणजे जवळपास ८०० वॅट उष्णता त्याच्याच पोटात तयार होते. ७५० वॅटची इस्त्री इंजिनशेजारी, झाकलेल्या खणात तासन् तास चालू ठेवण्यासारखं आहे हे.

ही उष्णता बाहेर काढायला त्याच्याकडे फक्त स्वतःचा पंखा असतो, आणि तो इंजिनच्या रेसवर, म्हणजे फेऱ्यांच्या वेगावर फिरतो. स्लोवर पंखा हळू फिरतो, पण बॅटरी रिकामी असेल तर कटआऊट, म्हणजे रेग्युलेटर, फील्डला, म्हणजे डायनामोतल्या चुंबकाच्या गुंडाळीला, पूर्ण करंट देतच राहतो. साध्या कटआऊटला व्होल्टेज कळतं. डायनामो किती तापलाय याची काळजी तो करत नाही.

शिशाची बॅटरी इथे आपोआप मदत करायची. १५० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) बॅटरी सुरुवातीला तीस-पस्तीस अँपिअर ओढते आणि भरत जाईल तशी मागणी कमी करते. लिथियम (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) असं करत नाही. २०० एएचची बॅटरी २० टक्क्यांवर आलेली असेल तर तिला १६० एएच हवेत, आणि भरत येईपर्यंत ती मिळेल तेवढं ओढते. ट्रक-मोटारीच्या घडणीचा डायनामो अशा कामासाठी बनवलेला नसतो. त्याच्या पट्टीवरचा ८० किंवा ९० अँपिअरचा आकडा थंड डायनामोचा आणि भरपूर फेऱ्यांवरचा असतो. तापल्यावर २० ते ३० टक्के कमीच मिळतात.

## टप्पा १ : तयारी

पावसाळी मासेमारी बंदीचे दिवस, १ जून ते ३१ जुलै, या कामाला उत्तम. बोट ओढून शाकारलेली असेल तर दुसरा आणि तिसरा टप्पा तिथेच होतात. चौथ्यापासून मात्र बोट पाण्यात हवी. थंड करणाऱ्या पाण्याविना इंजिन चालवू नका.

जवळ ठेवायच्या वस्तू:

- डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर. घरकाम करणाऱ्या वायरमनकडे बहुधा फक्त एसी मोजणारा असतो. तो इथे शून्य दाखवेल आणि तुम्ही ‘डायनामो चार्जिंगच देत नाही’ असं समजाल.
- मल्टिमीटर.
- लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन.
- सायलेन्सरला मारतात तो उष्णता सोसणारा मॅट काळा रंग.
- सरळ पट्टी, पाने, पॉलिशपेपर, वही.

काळा रंग यादीत उगाच नाही. डायनामोची बॉडी चकचकीत ॲल्युमिनिअमची असते आणि अशा पृष्ठभागावर गन खूप कमी आकडा दाखवते. बॉडी ११० अंशांवर असताना गन ६० दाखवते आणि माणूस निर्धास्त होतो. मागच्या बाजूला, डायोड प्लेटजवळ (एसीचं डीसी करणारी प्लेट), रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका रंगवा, वाळू द्या आणि दर वेळी तिथेच मोजा. रंग हवेच्या जाळीत जाऊ देऊ नका.

इशारा : डायनामोवर पाना लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. बी प्लसच्या, म्हणजे डायनामोच्या पॉझिटिव्हच्या बोल्टवर बॅटरीचा पूर्ण करंट कायम असतो. पाना बॉडीला टेकला तर हात भाजेल आणि आगही लागू शकते.

## टप्पा २ : बॅटरी तपासा

सुरुवात डायनामोपासून करायची नाही. शिशाच्या बॅटरीचा एक सेल शॉर्ट झाला असेल तर ती कधीच भरत नाही आणि डायनामो दिवसभर तिच्यात करंट ओतत राहतो.

बॅटऱ्या एकमेकींपासून सोडवा, रात्रभर तशाच ठेवा आणि सकाळी प्रत्येकीचं व्होल्टेज वेगळं मोजा. भरलेली चांगली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. चार्ज करूनही १०.५ च्या आसपास थांबली तर एक सेल गेला. ती बदला, मगच पुढे जा.

सेल्फची शिशाची बॅटरी आणि लिथियम थेट जोडलेल्या दिसल्या तर वहीत ठळक लिहून ठेवा. सातव्या टप्प्यात ते बदलावं लागेल.

## टप्पा ३ : इंजिन बंद आणि थंड असताना

पट्टा. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबा. १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. सैल पट्टा घसरतो, पुली तापते आणि ती उष्णता शाफ्टमधून बेअरिंगमध्ये उतरते. पुलीभोवती काळी रबरी पूड दिसली तर पट्टा घसरतोय. फार ताणला तर पुढचं बेअरिंग जातं. सरळ पट्टी दोन्ही पुल्यांच्या तोंडावर धरा, मध्ये फट दिसायला नको. नवा पट्टा घातला असेल तर काही तास चालवून पुन्हा ताण तपासा. नवा पट्टा ढिला पडतोच.

एक साधा व्ही पट्टा ८० अँपिअरपर्यंत ठीक चालतो. १०० अँपिअरच्या पुढचा डायनामो एकाच अरुंद पट्ट्यावर असेल तर पुली बदलल्याशिवाय इलाज नाही.

पंखा. पुलीमागे बाहेरून दिसणारा पंखा असेल तर पाती एका बाजूला कललेली आहेत का पाहा. असा पंखा एकाच दिशेने फिरवायचा असतो. डायनामो दुसऱ्या इंजिनवरून काढून उलट बाजूला बसवला असेल तर फिरताना दिसतो, आवाज करतो, पण हवा पुरेशी ओढत नाही.

जाळी. मीठ, तेल आणि पट्ट्याची पूड मिळून हवेच्या भोकांवर थर बसतो. कोरड्या ब्रशने आणि हवेच्या फवाऱ्याने साफ करा.

आच्छादन. पाण्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून डायनामोवर गोणपाट, रबराचा तुकडा किंवा कापलेला डबा बांधलेला बऱ्याच बोटींवर दिसतो. हेतू चांगला, परिणाम वाईट. पाणी वरून येत असेल तर हातभर उंचीवर तिरकं छप्पर करा. चारही बाजू मोकळ्या राहू द्या.

जोड. बी प्लसचं थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाचं धातूचं कडं, काढून पाहा. हिरवट झालेलं, काळवंडलेलं किंवा हातोडीने चेपून बसवलेलं असेल तर कापून नवं क्रिंप करा. डायनामोच्या पायाखालचा रंग आणि गंज काढा. बॉडीतून परतणारा करंट तिथूनच जातो.

तपासणी : पुली हाताने फिरवा. खरखर लागली किंवा शाफ्ट बाजूला हलला तर बेअरिंग बदला आणि त्याच वेळी कार्बनही (ब्रश) पाहून घ्या. अशा डायनामोवर पुढची चाचणी घेऊ नका.

## टप्पा ४ : खरी चाचणी

बहुतेकांची चूक इथे होते. बोट जेटीला, खणाची फळी उघडी, वारा आत येतोय, बॅटरी जवळजवळ भरलेली, इंजिन दहा मिनिटं चालवलं आणि ‘काही तापत नाही’ असा निकाल दिला. समुद्रात यातलं काहीच तसं नसतं.

चाचणी अशी घ्या:

१. रात्रभर दिवे लावून बॅटरी निम्म्यापर्यंत उतरवा.
२. खणाची फळी समुद्रात असते तशी बंद ठेवा. वाचन घेण्यापुरती उघडा.
३. इंजिन स्लोवर ३० मिनिटं चालवा. दर ५ मिनिटांनी पाच आकडे लिहा: इंजिनची रेस, डायनामोमधून निघणारा करंट, बॅटरीवरचं व्होल्टेज, काळ्या ठिपक्याचं तापमान आणि डायनामो जिथून हवा ओढतो तिथल्या हवेचं तापमान.
४. रेस १२०० पर्यंत वाढवा. पुन्हा ३० मिनिटं, तेच आकडे.
५. नेहमीच्या चालीच्या रेसवर पुन्हा ३० मिनिटं.

दीड तास लागतो आणि कंटाळा येतो, हे खरं. पण तीन वेगवेगळ्या रेसचे आकडे हाती असल्याशिवाय पुढचे निर्णय अंदाजाने होतात. ‘रेस वाढवली की थंड होतो’ हे नेहमी खरं नसतं. पुलीचं प्रमाण दुप्पट असेल तर इंजिनच्या १२०० फेऱ्यांवर डायनामो २४०० वर फिरतो. तिथे तो करंट भरपूर देऊ लागलेला असतो, पण पंख्याने अजून जोर धरलेला नसतो. पुष्कळदा सगळ्यात जास्त तापमान याच मधल्या रेसवर सापडतं.

आकड्यांचा अर्थ असा लावा:

- ठिपका ९० अंशांपर्यंत स्थिरावला तर निश्चिंत राहा.
- ९० ते १०० मध्ये स्थिरावला तर चालेल, पण हवेची सोय करा.
- १०० ते ११० ही हद्द आहे. करंट कमी करावाच लागेल.
- ११० ओलांडून चढतच राहिला किंवा वार्निश करपल्याचा वास आला तर चाचणी थांबवा.

तापमान चढताना करंट हळूहळू उतरला तर घाबरू नका. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. २५ वरून १०५ अंशांवर गेल्यावर तो सुमारे ३१ टक्क्यांनी वाढलेला असतो, म्हणून फील्डही कमी पडते. ८० चा डायनामो अर्ध्या तासाने ६० देतो, हा दोष नव्हे.

दोष असा ओळखा: करंट पहिल्यापासूनच कमी, उदाहरणार्थ २५, तरी तापमान भराभर चढतंय. तेव्हा डायोड तपासा. मल्टिमीटर एसीवर ठेवून बी प्लस आणि बॉडी यांच्यात मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी मिळालं तर डायोड प्लेट संशयास्पद. काही स्वस्त मीटर एसीवर असतानाही डीसी मोजून खोटा आकडा देतात, म्हणून दोन्ही टोकं उलटी करून पुन्हा मोजा. आकडा फार बदलला तर तो खरा नाही.

बॅटरीवर १५ व्होल्टच्या वर गेलं तर लगेच थांबा. कटआऊट गेला आहे.

इशारा : इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘डायनामो चालतो का’ पाहण्याची जुनी पद्धत कायमची सोडा. करंट अचानक तुटला की व्होल्टेज क्षणभर प्रचंड उसळतं. डायोड, कटआऊट आणि नशीब वाईट असेल तर जीपीएस, वायरलेससकट सगळं जातं.

## टप्पा ५ : वायर

चाचणीत करंट जास्तीत जास्त असताना मल्टिमीटरचं एक टोक बी प्लसच्या बोल्टवर आणि दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवा. मग एक टोक डायनामोच्या बॉडीवर, दुसरं निगेटिव्हवर. दोन्ही मिळून ०.४ व्होल्टच्या आत हवं.

येण्या-जाण्याची मिळून ५ मीटर वायर आणि ७० अँपिअर करंट धरला तर १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्येच सुमारे ०.४ जातात. ३५ ची घातली तर ०.२ च्या आत राहतं. समुद्रावर कथिलाचा मुलामा दिलेली वायरच टिकते. बॅटरीच्या टोकाला फ्यूज हवाच.

सैल थिंबल मात्र वायरपेक्षा वाईट. एका जोडात दहा मिलिओहम रोध असला तरी ७० अँपिअरला तिथे ४९ वॅट उष्णता होते, आणि ती बोल्टमधून थेट डायोड प्लेटकडे जाते.

एक गैरसमज इथेच दूर करतो. जाड वायर घातली की डायनामो थंड राहील असं नाही. उलट अडथळा कमी झाल्याने लिथियम आणखी करंट ओढेल. वायर सुधारायची ती व्होल्टेजसाठी आणि आगीच्या भीतीपोटी. तापण्याचा इलाज पुढच्या दोन टप्प्यांत आहे.

## टप्पा ६ : थंड हवा

खणातली हवा ५० अंशांवर असेल तर ती बाहेरच्या हवेपेक्षा जितकी गरम, डायनामोही जवळजवळ तितकाच जास्त तापतो. २५ अंशांनी गार हवा दिली की बॉडीही साधारण तितकीच खाली येते. खर्चाच्या मानाने एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

८०० वॅट उष्णता नेताना हवा १५ अंशांनी तापू द्यायची असेल तर ताशी सुमारे १६० घनमीटर हवा लागते. ३ इंची बिल्ज ब्लोअर एवढं काम करतो आणि तीन-चार अँपिअर घेतो.

१. हवेचं तोंड डेकवर घ्या, खाली वळवलेलं, लाटेचं पाणी शिरणार नाही अशा जागी. एक्झॉस्टपासून दूर.
२. पाइप डायनामोच्या मागच्या तोंडापर्यंत आणा. पाइप आणि बॉडीमध्ये दोन-तीन इंच फट ठेवा. इंजिनच्या थरथरीने टेकलेला पाइप फाटतो.
३. गरम हवा बाहेर जायला खणात उंचावर वाट ठेवा. ब्लोअर नुसता आत ढकलत राहिला आणि वाट नसली तर उपयोग नाही.
४. ब्लोअरची वीज इंजिनच्या चावीवर घ्या, म्हणजे कुणी विसरणार नाही.

ब्लोअर उलटा लावून खणातली हवा फक्त बाहेर ओढू नका. इंजिनलाही हवा लागते. आत यायची वाट लहान असेल तर दोघांत ओढाताण होते.

तपासणी : चौथ्या टप्प्यातली चाचणी फक्त सगळ्यात वाईट ठरलेल्या रेसवर पुन्हा घ्या. ठिपका १०० च्या खाली स्थिरावला आणि बॅटऱ्या शिशाच्या असतील तर इथे थांबलात तरी चालेल.

## टप्पा ७ : करंटला लगाम

लिथियम असेल तर हा टप्पा टाळता येत नाही. दोन मार्ग आहेत.

पहिला : डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे एका बॅटरीकडून दुसरीला ठरावीकच करंट देणारा. डायनामो फक्त सेल्फच्या शिशाच्या बॅटरीला जोडलेला ठेवा. तिथून चार्जरमार्फत लिथियमला. ३० अँपिअरचा चार्जर डायनामोकडून पस्तीसच्या आसपास घेतो. त्यात दिवे-वायरलेसचे पंधरा धरले तर ८० च्या डायनामोवर ५० चा भार येतो. एवढा तो दिवसभर पेलतो. चार्जर डायनामोच्या लिहिलेल्या क्षमतेच्या निम्म्याहून मोठा घेऊ नका.

दुसरा मोठा फायदा: लिथियमचा बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारं तिच्यातलं सर्किट) अचानक बंद झाला तरी डायनामोसमोर शिशाची बॅटरी असतेच. थेट जोडणीत बीएमएसने करंट तोडणं म्हणजे चालू इंजिनवर बॅटरी काढण्यासारखंच, वर सांगितलेला धोका जसाच्या तसा.

‘३० अँपिअरने किती वेळ लागेल?’ हा प्रश्न हमखास येतो. १६० एएचला साडेपाच तास. ट्रॉलरचं इंजिन दिवसाला त्याहून जास्त चालतं, मग घाई कशासाठी? मासेमारीच्या बोटीला मी नेहमी हाच मार्ग सुचवतो. चार्जर स्वतःही तापतो. तो इंजिनच्या खणाबाहेर, भिंतीवर उभा बसवा.

दुसरा : तापमान ओळखणारा बाहेरचा रेग्युलेटर. इंजिन थोडाच वेळ चालतं आणि तेवढ्यात बॅटरी भरायची असते, अशा बोटींसाठी. बाल्मर, वेकस्पीड यांचे असे रेग्युलेटर मिळतात. डायनामोचा आतला कटआऊट काढून फील्डची वायर बाहेर आणावी लागते. हे काम बोटीवर नको, वर्कशॉपमध्ये करा. तापमानाचा सेन्सर डायनामोच्या मागच्या बॉडीवर बोल्टखाली घट्ट बसवा. मर्यादा १०० ठेवा आणि फील्ड सुरुवातीला ७० टक्क्यांवर. बीएमएसला आगाऊ इशारा देणारी वायर असेल तर ती रेग्युलेटरला जोडा. म्हणजे बॅटरीचा करंट तुटण्याआधी फील्ड बंद होईल.

## टप्पा ८ : पुन्हा पूर्ण चाचणी

तिन्ही रेस, फळी बंद, बॅटरी निम्मी. जुन्या आकड्यांशेजारी नवे लिहा आणि ती वही बोटीवरच ठेवा. पुढच्या हंगामात त्याच रेसवर, तेवढ्याच करंटला ठिपका १५ अंश जास्त दिसला तर जाळी तुंबली, पट्टा घसरला किंवा ब्लोअर बंद पडला, हे जळण्याआधी कळेल.

मोठ्या डायनामोचा विचार आत्ता करा, याआधी नाही. एवढं करूनही रोज वापरलेली वीज भरून येत नसेल तरच. तोही नुसता जास्त अँपिअरचा नको, सतत पूर्ण भारावर चालण्यासाठी बनवलेला हवा. पट्टा-पुली बदलण्याचा खर्च त्यात धरा.

## समुद्रात असताना तापला तर

ड्रायव्हरला आणि तांडेलाला हे आधीच सांगून ठेवा.

१. डीसी-टू-डीसी चार्जर असेल तर त्याचा स्विच बंद करा. भार लगेच उतरतो.
२. चार्जर नसेल तर जास्तीचे दिवे आणि पंप बंद करा. रस्त्याचे (नेव्हिगेशनचे) दिवे आणि वायरलेस चालू ठेवा.
३. खणाची फळी उघडा, पण आधी धूर आहे का पाहा. धूर असेल तर इंजिन बंद करा, अग्निशामक हातात घ्या आणि मगच फळी थोडीशी उचला.
४. बाहेरचा रेग्युलेटर असेल तर त्याची चावीची वीज तोडा. फील्ड बंद झाली की डायनामो नुसता फिरतो, तापत नाही. बी प्लसची किंवा बॅटरीची वायर काढू नका.
५. पट्टा काढायचा झाला तर इंजिन बंद करूनच, आणि त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप नाही ना ते पाहून. पंप असेल तर पट्ट्याशिवाय इंजिन चालवता येणार नाही.
६. डायनामोवर पाणी ओतू नका, समुद्राचं तर मुळीच नाही. तापलेली बॉडी तडकते आणि खारं पाणी डायोडमध्ये बसतं. खण उघडा ठेवून अर्धा तास थांबा, ठिपका ६० च्या खाली आला की हलक्या भारावर पुन्हा सुरू करा.